नक्षीला स्वतःचा रंग माहीत असतो का?

सुरतेच्या लिंबायत भागातल्या एम्ब्रॉयडरीच्या खात्यात नवे डिझाइन येते ते पेनड्राइव्हवर, नाहीतर मोबाइलवर. फाइल लहानशी, नावाच्या शेवटी डीएसटी ही तीन अक्षरे. ताजिमा या जपानी कंपनीने ही पद्धत रूढ केली आणि आता चिनी बनावटीची यंत्रेही ती वाचतात. फाइल यंत्राला जे सांगते ते अगदी मोजके असते. फ्रेम इतकी उजवीकडे सरकव, इतकी खाली घे, टाका घाल. इथे टाका न घालता उडी मार. इथे थांब, दोरा बदल. प्रत्येक टाक्याला तीन बाइट. एका टाक्यात फ्रेम जास्तीत जास्त १२.१ मिलिमीटर सरकते, कारण ती हालचाल १, ३, ९, २७ आणि ८१ या पाच आकड्यांची बेरीज-वजाबाकी करून लिहिलेली असते. पाचांची बेरीज १२१, म्हणजे मिलिमीटरचे तितके दहावे भाग.

एक गोष्ट मात्र या फाइलला ठाऊक नसते. रंग.

‘दोरा बदल’ एवढेच तिच्यात लिहिलेले असते. कोणता दोरा लावायचा ते नाही. कोणत्या सुईत हिरवा आणि कोणत्या सुईत जरी, हे कारागीर सोबतच्या चिठ्ठीवरून यंत्राच्या पॅनेलवर भरतो. चिठ्ठी हरवली, तर यंत्र पाने लाल आणि फुले हिरवी काढील, आणि आपल्या परीने काम चोख करील. फाइलच्या सुरुवातीला ५१२ बाइटांची एक पाटी असते. तिच्यावर डिझाइनचे नाव, एकूण टाके, दोरा किती वेळा बदलायचा ती संख्या आणि नक्षी चारी दिशांना किती पसरते ती मापे असतात. जॉब वर्कचा भाव हजार टाक्यांमागे ठरत असल्यामुळे पाटीवरच्या टाक्यांच्या आकड्याला पैशाचे मोल आहे. पण पाटीवरचा आकडा आणि आतले टाके जुळतीलच, याची हमी फाइल स्वतः देत नाही. कोणी मधले टाके काढले आणि पाटी तशीच ठेवली, तर फाइल खोटे बोलते. यंत्र तरीही चालते.

लिंबायत हा सुरत महापालिकेचा दाट वस्तीचा विभाग. जळगाव, धुळे, नंदुरबार या भागांतून तापीकाठच्या रेल्वेने उधन्यापर्यंत आलेल्या खानदेशी कुटुंबांचा इथल्या वस्तीत मोठा वाटा आहे. घरात अहिराणी, कामावर हिंदी-गुजराती, आणि महापालिकेच्या शाळांत मराठी माध्यमही. पोट चालते ते लूम, डाइंग मिल, एम्ब्रॉयडरी आणि रिंग रोडवरच्या कापड मार्केटांवर. इथल्या यंत्रांवरच्या फाइलीला रंग ठाऊक नसतो, त्यातून एक मोठा प्रश्न निघतो. आपल्याबद्दल आणि आपल्या आतल्या मालाबद्दल प्रोग्रामला किती माहिती असावी, आणि ती त्याने कोणाला विचारावी, हा संगणकशास्त्रातला जुना वाद आहे. फंक्शनल भाषा म्हणवणाऱ्या भाषांच्या घराण्यात तो सर्वांत चुरशीने खेळला गेला. डीएसटी फाइल ज्याने हाताळली आहे त्याला तो वाद फार परका वाटू नये.

आधी दोन संज्ञा. चालू असलेल्या प्रोग्रामला स्वतःकडे वळून पाहता येणे, आपण कोणत्या भागांचे बनलो आहोत ते वाचता येणे आणि जमल्यास बदलताही येणे, याला रिफ्लेक्शन म्हणतात. त्यातला एक मर्यादित भाग म्हणजे टाइप इंट्रोस्पेक्शन. हातातली वस्तू संख्या आहे, अक्षरे आहेत की यादी आहे, हे प्रोग्राम चालू असताना विचारता येणे. कापड बाजारात लेबल नसलेला तुकडा हातात आला की जाणता माणूस एक धागा ओढून पेटवतो. वितळून कडक गोळी झाली तर पॉलिस्टर, कागदासारखी राख झाली तर सुती. टाइप इंट्रोस्पेक्शन हे असेच. फरक इतकाच की संगणकात लेबल सोबत बाळगले असेल तर काही जाळावे लागत नाही, नुसते विचारून भागते.

पायथन शिकणारा अकरावीतला मुलगाही पहिल्या आठवड्यात हे करतो. कोणत्याही वस्तूला ‘तुझा टाइप काय’ असे विचारले की पायथन उत्तर देते. ‘तुला काय काय करता येते’ असे विचारले की यादी समोर ठेवते. जावामध्येही ही सोय आहे आणि तिथल्या मोठमोठ्या सॉफ्टवेअर चौकटी तिच्यावरच उभ्या आहेत. अशा भाषांत याविषयी फारशी कुरकुर नाही. फंक्शनल भाषांत मात्र दोन तट पडले. एकाने प्रोग्रामला स्वतःकडे पाहण्याची पूर्ण मुभा दिली. दुसऱ्याने मुद्दाम त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधली, आणि त्या पट्टीतून असा लाभ काढला की पहिल्या तटालाही त्याचा हेवा वाटावा.

फंक्शनल भाषा म्हणजे गणितातल्या फंक्शनला केंद्रस्थानी ठेवणारी भाषा. तेच दिले की तेच मिळते, आणि फंक्शन स्वतःही दुसऱ्या फंक्शनला देता येते. अमेरिकी तर्कशास्त्रज्ञ अलोन्झो चर्चने १९३० च्या दशकात मांडलेले लॅम्डा कॅलक्युलस हे या घराण्याचे मूळ.

पहिला तट लिस्प या भाषेचा, आणि तो समजायला पुन्हा लूमकडेच जावे लागते. फ्रान्समधल्या लियाँ शहरात जोसेफ मारी जॅकार्डने १८०४ मध्ये आपला माग पुढे आणला, तेव्हा नक्षी विणकराच्या डोक्यातून आणि हातातून सुटून पुठ्ठ्याच्या कार्डांवर गेली. भोक असेल तर उभा धागा उचल, नसेल तर राहू दे. कार्डे एकमेकांना ओवून त्यांची माळ करायची. जॅकार्डचेच रेशमी चित्र विणायला सुमारे २४,००० कार्डे लागली होती. त्याची एक प्रत चार्ल्स बॅबेजने जपून ठेवली होती आणि आपल्या गणनयंत्रासाठी त्याने पंचकार्डांचीच कल्पना उचलली. सुरतेत ‘जेकार्ड’ म्हणून ओळखले जाणारे यंत्र आता बहुतेक इलेक्ट्रॉनिक झाले आहे. २,६८८ हुकांच्या जेकार्डाला पुठ्ठा लागत नाही, फाइल लागते. तत्त्व मात्र तेच. काम करणारे यंत्र वेगळे, कामाचा हुकूम वेगळा. आणि हुकूम ही एक वस्तू आहे, तिची नक्कल काढता येते, तिच्यात बदल करता येतो, ती विकताही येते.

पण कार्ड स्वतःला वाचू शकत नाही.  ती मजल जॉन मॅकार्थीने मारली. एमआयटीमध्ये १९५८ साली त्याने लिस्प ही भाषा आखायला घेतली आणि १९६० मध्ये तिच्यावरचा निबंध प्रसिद्ध केला. लिस्पमध्ये माहिती ठेवायची ती याद्यांच्या रूपात, आणि प्रोग्राम लिहायचा तोही याद्यांच्याच रूपात. दोहोंत फरकच नाही. त्या निबंधात ‘इव्हॅल’ नावाचे एक फंक्शन होते. त्याला लिस्पमधला कोणताही प्रोग्राम यादी म्हणून दिला, की तो चालवल्यावर काय उत्तर येईल ते सांगायचे. मॅकार्थीच्या दृष्टीने हे कागदावरचे गणित होते. त्याचा सहकारी स्टीव्ह रसेल याने मात्र ते कागदावरचे फंक्शन घेतले आणि आयबीएम ७०४ यंत्राच्या भाषेत हाताने उतरवले. ते चालले. अशा रीतीने लिस्पचा पहिला इंटरप्रिटर, म्हणजे प्रोग्राम वाचून चालवणारा प्रोग्राम, जन्मला. ज्याने भाषा आखली त्याला तो अपेक्षित नव्हता.

प्रोग्राम आणि माहिती एकाच रूपात आली की एक पेच पडतो. समोरची यादी चालवायची, की नुसती वाचायची? लिस्पने त्यासाठी ‘क्वोट’ ही खूण ठेवली. खूण लावली की यादी चालत नाही, यादी म्हणूनच हाती येते. पुण्याच्या संस्कृत पंडितांना ही खूण पाहून ओळखीचे काही भेटल्यासारखे वाटले असते. पाणिनीच्या व्याकरणात ‘अग्नी’ला अमुक प्रत्यय लागतो असा नियम आहे. तो प्रत्यय विस्तवाला लागत नाही, ‘अग्नी’ या शब्दाला लागतो. आणि व्याकरणात शब्द आला की त्याचे स्वतःचे रूप घ्यायचे, असा स्वतंत्र नियम पाणिनीनेच घालून दिला आहे. नियमांविषयीच्या अशा नियमांना परिभाषा म्हणतात. त्यांच्यावरचा ‘परिभाषेन्दुशेखर’ हा अठराव्या शतकातला ग्रंथ काशीतल्या नागेशभट्टांचा. ते मूळचे महाराष्ट्रीय, उपनाव काळे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवणाऱ्या फ्रान्झ कीलहॉर्नने १८६८ ते १८७४ या काळात तो संपादित केला आणि इंग्रजीत आणला. पाणिनीने संगणक कल्पिला होता असे कोणी यावरून म्हणू लागले तर मात्र हसून सोडून द्यावे. भाषेविषयी भाषेतच बोलायचे म्हटले की हा पेच कोणालाही पडतो, एवढेच यातून दिसते.

लिस्पची वाट शेवटपर्यंत चालून पाहिली ती ब्रायन कँटवेल स्मिथ याने. १९८२ मधल्या एमआयटीच्या प्रबंधात त्याने ३-लिस्प ही भाषा मांडली. तिच्यातला प्रोग्राम अध्येमध्ये थांबून आपल्याला चालवणाऱ्या इंटरप्रिटरच्या जागी जाऊन बसू शकतो. आतापर्यंत काय झाले, पुढे काय व्हायचे आहे, सगळे त्याला हातात घेऊन पाहता येते आणि बदलता येते. त्या इंटरप्रिटरलाही चालवणारा कोणी असतोच, त्यालाही आणखी कोणी. असा अनंत मजल्यांचा मनोरा तयार होतो. प्रत्यक्षात लागतील तेवढेच मजले बांधायचे, ही स्मिथची युक्ती. रिफ्लेक्शन हा शब्द प्रोग्रामिंगच्या जगात रुजला त्यात या प्रबंधाचा मोठा हात आहे.

आता या सत्तेची किंमत. १९९८ मध्ये मिचेल वाँड याने एक छोटा निबंध लिहिला. त्याचे म्हणणे असे. फंक्शनला दिलेली गोष्ट त्याने चालवण्याआधी उघडून वाचायची मुभा असेल, तर ‘२ अधिक २’ आणि ‘४’ या दोन गोष्टी एक राहत नाहीत. कारण कोणीतरी असे फंक्शन लिहू शकतो जे पहिल्यातले बेरजेचे चिन्ह पाहून वेगळे उत्तर देईल. अशी मुभा सरसकट दिली की कोणतेही दोन प्रोग्राम समान म्हणता येत नाहीत. चलांची नावे सोडली तर अक्षरन् अक्षर तेच असावे लागतात. मग प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरने तरी काय करावे? प्रोग्राम वेगवान करण्याचे त्याचे सारे कसब एवढ्यावर उभे असते की ही ओळ काढून तिच्याच अर्थाची दुसरी, जलद ओळ ठेवली तर कोणाला कळणार नाही. इथे तर कोणालाही कळू शकते. शाळेत शिकवलेले ‘समान गोष्टीच्या जागी समान गोष्ट ठेवा’ हे बीजगणितच कोसळते.

दुसरा तट एडिंबरोचा. रॉबिन मिल्नर आणि सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात एमएल ही भाषा घडवली. तिच्यामागचा टाइपांचा सिद्धांत मिल्नरने १९७८ मध्ये प्रसिद्ध केला. इथे प्रत्येक गोष्टीचा टाइप प्रोग्राम चालण्याआधीच कंपायलर शोधून काढतो, तोही बहुतेक वेळा न सांगता, आणि सगळे टाइप जुळले तरच पुढे जाऊ देतो. एकदा जुळले की लेबलांची गरज संपली. म्हणून कंपायलर ती पुसून टाकतो. याला टाइप इरेझर म्हणतात. एमएलच्या घराण्यातली आज बरीच वापरात असलेली एक भाषा म्हणजे फ्रान्समध्ये वाढलेली ओकॅमल. तिच्यात शून्य, ‘असत्य’ आणि रिकामी यादी या तिन्ही गोष्टी प्रोग्राम चालू असताना मेमरीत हुबेहूब एकसारख्या दिसतात. लेबलच नसल्यामुळे कोणती कोण हे विचारायची सोयच नाही. ६४ बिटांच्या यंत्रावर ओकॅमलची पूर्णांक संख्या ६३ बिटांची असते. उरलेला एक बिट ‘ही संख्या आहे, पत्ता नव्हे’ एवढे सांगण्यात जातो, तोही मुख्यतः मेमरी साफ करणाऱ्या यंत्रणेसाठी.

एम्ब्रॉयडरीच्या धंद्यात हेच घडते. पंचिंग, म्हणजे नक्षीचे टाके मांडण्याचे काम, करणारा डिझायनर विल्कॉमसारख्या सॉफ्टवेअरवर काम करतो, तेव्हा त्याच्या मूळ ईएमबी फाइलमध्ये सगळे शाबूत असते. हे पान, साटीनच्या टाक्याने भरायचे, टाक्यांची घनता इतकी, रंग हिरवा. त्यातून डीएसटी काढली की पान गेले, साटीन गेले, रंग गेला. राहिले नुसते टाके. ईएमबीमधले पान दुपटीने मोठे केले तर सॉफ्टवेअर टाके नव्याने मोजून भरते. डीएसटी नुसती ताणली तर टाके विरळ होतात, कारण हे पान आहे हे तिला माहीतच नाही. डीएसटीवरून मूळ आकृती परत ओळखणारी सॉफ्टवेअरे आहेत, पण ती अंदाजाने चालतात. म्हणूनच जपून ठेवायची ती ईएमबी, आणि खात्यात धाडायची ती डीएसटी.

लेबल पुसून टाकणे हा नुसता काटकसरीचा मामला असता तर त्यावर लेख लिहायचे कारण नव्हते. खरी गंमत पुढे आहे.

जॉन रेनॉल्ड्सने १९८३ मधल्या एका निबंधाची सुरुवात एका बोधकथेने केली होती. एका विद्यापीठात संमिश्र संख्या शिकवायला दोन तुकड्या होत्या. एकीला देकार्त नावाचे प्राध्यापक, दुसरीला बेसेल. देकार्तांनी शिकवले की संमिश्र संख्या म्हणजे दोन वास्तव संख्यांची जोडी, आडवे अंतर आणि उभे अंतर. बेसेल यांनी शिकवले की ती म्हणजे लांबी आणि कोन. मग दोघांनीही आपापल्या व्याख्येवरून बेरीज-गुणाकाराचे नियम सिद्ध केले, आणि तिथून पुढे फक्त नियमांच्याच भाषेत बोलले. काही घोटाळ्यामुळे पुढच्या दिवसांत तुकड्यांची अदलाबदल झाली. देकार्त बेसेलच्या वर्गावर आणि बेसेल देकार्तांच्या. कोणाचेही काही चुकले नाही, कोणाला काही कळलेही नाही. संख्येच्या पोटात काय आहे हे कोणी पुन्हा उघडून पाहत नव्हते, म्हणून.

यावरूनच फिलिप वॉडलरने १९८९ मध्ये एक अतिशय वाचनीय निबंध लिहिला. त्याचे सार एका उदाहरणात मावते. समजा एक फंक्शन आहे. ते कोणत्याही प्रकारच्या वस्तूंची यादी घेते आणि त्याच प्रकारच्या वस्तूंची यादी परत देते. आत काय लिहिले आहे ते पाहिलेले नाही, फक्त टाइप माहीत आहे. तेवढ्यावरून त्याच्याविषयी काय सांगता येईल? पुष्कळ. ते यादीचा क्रम बदलू शकते, काही वस्तू गाळू शकते, काही पुन्हा घेऊ शकते. पण नवी वस्तू निर्माण करू शकत नाही, आणि कोणती वस्तू कुठे जाईल हे वस्तू पाहून ठरवू शकत नाही. यादीची लांबी एवढाच त्याचा आधार. म्हणून मजुरीची यादी आधी या फंक्शनमधून काढली आणि मग प्रत्येक रक्कम दहा टक्क्यांनी वाढवली, किंवा आधी वाढवली आणि मग काढली, उत्तर एकच येणार. चाचणी घ्यायची गरज नाही. जे फंक्शन कोणत्याही प्रकारची एक वस्तू घेऊन त्याच प्रकारची एक वस्तू देते, ते तर, अनंत काळ फिरत बसले नाही तर, ती वस्तू आहे तशी परत देण्यापलीकडे काहीच करू शकत नाही.

ही हमी फंक्शन आंधळे आहे म्हणून मिळते. त्याला ‘हातातली वस्तू संख्या असेल तर एक मिळव, नाहीतर तशीच दे’ असे म्हणायची सोय मिळाली की सगळे सिद्धांत गळून पडतात. जावामध्ये ती सोय आहे, त्यामुळे तिथे टाइप पाहून एवढे निष्कर्ष काढता येत नाहीत. टाइप इंट्रोस्पेक्शनविषयी फंक्शनल मंडळी नाक मुरडतात त्याचे कारण सोवळे नव्हे. हमी जाते, हे आहे.

मात्र आंधळ्या फंक्शनांनी संसार होत नाही. वस्तू छापून दाखवायची असते, फाइलमध्ये साठवायची असते, दोन वस्तू सारख्या आहेत का ते पाहायचे असते. प्रत्येक नव्या टाइपासाठी हे हाताने लिहीत बसणे कंटाळवाणे. ओकॅमलने तुलनेपुरती पट्टी थोडी वर केली. तिची सर्वसाधारण तुलना मेमरीतली रचना पाहून चालते, आणि तुलनेला फंक्शन दिले की चालता प्रोग्राम चूक दाखवून थांबतो. टाइप तपासणी एवढी कडक असूनही ही चूक आधी पकडली जात नाही. तडजोडीचे हे फळ.

हॅस्केलने जास्त विचारपूर्वक मार्ग काढला, आणि या लेखाच्या मते या साऱ्या कहाणीतला तोच सर्वांत शहाणपणाचा. १९८७ मध्ये नेमलेल्या समितीने घडवलेल्या या भाषेत वस्तूला तिचा टाइप विचारता येतो, पण तसे करणार असल्याचे फंक्शनने आपल्याच टाइपात उघड लिहावे लागते. त्या अटीचे नाव टाइपेबल. अट लिहिलेली नसेल, तर वाचणाऱ्याने खुशाल समजावे की आत डोकावले जात नाही आणि वॉडलरचे सिद्धांत लागू आहेत. लिहिलेली असेल, तर सावध राहावे.

टाइपेबलचा उपयोग राल्फ लेमेल आणि सायमन पेटन जोन्स यांनी २००३ मध्ये छान करून दाखवला. त्यांचे उदाहरण पगारवाढीचे होते. एका कंपनीत विभाग, विभागांत उपविभाग, त्यांत साहेब आणि कामगार, आणि खोल कुठेतरी प्रत्येकाचा पगार. सर्वांचा पगार ठराविक टक्क्यांनी वाढवायचा तर नेहमीच्या पद्धतीने प्रत्येक थरासाठी एकेक फंक्शन लिहावे लागते, आणि त्यातले खरे काम एका ओळीचे. त्यांनी एक सर्वसाधारण फंक्शन केले, जे कोणत्याही रचनेत शिरून प्रत्येक तुकड्याला विचारते, ‘तू पगार आहेस का?’ असेल तर वाढव, नसेल तर पुढे चल.

आणि इथेही पाटी खोटे बोलण्याची भानगड झालीच. सुरुवातीच्या काळात हॅस्केलमध्ये आपल्या टाइपाची ओळख प्रोग्रामरला हाताने लिहिता येत असे. ज्याने चुकून किंवा खोडसाळपणे दुसऱ्याच टाइपाची ओळख लिहिली, त्याच्यामुळे संख्येला अक्षरे समजून हाताळले जाऊ शकत होते. २०१४ मध्ये आलेल्या ग्लासगो हॅस्केल कंपायलरच्या ७.८ या आवृत्तीने ही मुभा काढून घेतली. तेव्हापासून ओळखपत्र देतो तो फक्त कंपायलर. डीएसटीच्या पाटीवरचा टाक्यांचा आकडा टायपून भरायला बंदी करून यंत्रानेच मोजून लिहायचा ठरवला, तर जे होईल तेच इथे झाले.

दुसरा उपाय म्हणजे स्वतःकडे पाहायचे ते प्रोग्राम चालण्याआधी. २००२ मध्ये टिम शीअर्ड आणि पेटन जोन्स यांनी टेम्प्लेट हॅस्केल मांडले. कंपायलर काम करत असताना टाइपची व्याख्या वाचायची, तिच्यावरून नवे फंक्शन लिहून घ्यायचे, आणि ते फंक्शनही तपासणीतून पास करून घ्यायचे. चालताना मग काहीच विचारावे लागत नाही. लिस्पचे मॅक्रो, म्हणजे प्रोग्रामचे तुकडे लिहून देणारे प्रोग्राम, हेही कंपायलरच्याच वेळी चालतात. इड्रिस, अग्दा, लीन यांसारख्या नव्या भाषांनी हाच रस्ता धरला आहे. दोन तट शेवटी कंपायलरच्या उंबरठ्यावर येऊन भेटले, असे म्हणायला हरकत नाही.

लिस्पचे घराणे मराठी मुलखातही नांदते आहे. रिच हिकीने २००७ मध्ये लोकांसमोर आणलेली क्लोजर ही लिस्पची नवी पाती. पुण्यात वाढलेल्या हेल्पशिफ्ट या कंपनीने आपल्या यंत्रणेसाठी तीच भाषा निवडली. क्लोजर जावाच्या यंत्रावर चालते आणि जावाची फंक्शने बोलावते. समोरच्या वस्तूचा टाइप तिला आधी माहीत नसेल तर ती प्रत्येक वेळी जावाच्या रिफ्लेक्शनने ‘तू कोण, हे तुला येते का’ असे विचारून घेते. काम होते, पण मंद गतीने. हाच प्रश्न एका चक्रात लाखो वेळा विचारला गेला तर फारच मंद. म्हणून क्लोजरमध्ये एक स्विच आहे. तो चालू केला की जिथे जिथे असे विचारून घ्यावे लागणार, तिथे कंपायलर इशारा देतो, आणि मग प्रोग्रामर त्या जागी टाइपची खूण लिहून देतो. आधी लेबले लिहायला न लावणाऱ्या भाषेत शेवटी लेबल लिहिले जाते, पण जिथे बोचते तिथेच. ही पद्धत व्यवहारी आहे. मात्र ती सांभाळणारे हात जाणते असावे लागतात.

सरसकट मुभेने काय होते याचा धडा २०१५ मध्ये मिळाला, आणि तो जावाच्या जगात. अपाचे कॉमन्स कलेक्शन्स या सर्रास वापरल्या जाणाऱ्या संग्रहात फंक्शनल शैलीची काही अवजारे होती. त्यांतले एक, नाव इन्व्होकर ट्रान्सफॉर्मर, दिलेल्या नावाचे कोणतेही फंक्शन रिफ्लेक्शनने शोधून चालवत असे. बाहेरून आलेली साठवलेली वस्तू उघडताना असली अवजारे साखळीने जोडली, तर समोरच्या सर्व्हरवर हवी ती आज्ञा चालवता येते, हे त्या वर्षी उघड झाले. वेबलॉजिक, वेबस्फीअर, जेबॉस, जेन्किन्स अशी मोठमोठी सर्व्हर सॉफ्टवेअरे त्याच्या तडाख्यात सापडली आणि सगळीकडे धावपळ करून दुरुस्त्या कराव्या लागल्या. अवजार सोयीचे होते. ते कोण वापरणार आणि कशावर, हे कुठेच लिहिलेले नव्हते.

हॅस्केल आणि ओकॅमलमध्येही मागचे दार आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. एका टाइपाची वस्तू दुसऱ्या टाइपाची म्हणून बळजबरीने खपवायचे फंक्शन दोन्हींत आहे. हॅस्केलने त्याच्या नावात ‘असुरक्षित’ असा शब्द घातला, ओकॅमलने ‘जादू’. नाव वाचून ज्याला थांबावेसे वाटत नाही त्याला कंपायलरही वाचवू शकत नाही.

लिंबायत असो की जळगाव, जी मुले पायथनपर्यंत पोहोचली आहेत त्यांना पुढचे पाऊल टाकायला पैसे लागत नाहीत. हॅस्केल, ओकॅमल, क्लोजर, रॅकेट, लीन या सगळ्या भाषा फुकट उतरवून घेता येतात. हॅस्केलपासून सुरुवात करणाऱ्याने तिच्या खिडकीत कोलन, त्यापुढे ‘टाइप’ आणि त्यापुढे कोणत्याही फंक्शनचे नाव टाकून बघावे. जे उत्तर येते ते आधी नीट वाचावे, त्या फंक्शनला काय काय करता येणार नाही याची यादी कागदावर काढावी, आणि मगच त्याच्या आत काय लिहिले आहे ते उघडावे.